सिमेंटच्या दुकानावरचा मातीवाला

आमच्या दुकानावर मोठी पाटी आहे. सिमेंट, सळई, पत्रे, पाइप, होलसेल आणि रिटेल. तिच्या बरोबर वर, पहिल्या मजल्याच्या खिडकीत, एक छोटी पाटी कितीतरी वर्षं टांगलेली होती. हातानं लिहिलेली, पण अक्षर असं की छापलंय वाटावं. ‘सिमेंट शक्यतो टाळा. सल्ला मोफत.’

आता बोला! गिऱ्हाईक आधी खालची पाटी वाचायचं, मग वरची, आणि मग माझ्या तोंडाकडे बघायचं. अख्ख्या नंदुरबारात मी एकटीच दुकानदार असेन, जिच्या डोक्यावर बसून तिचाच भाडेकरू तिच्या धंद्यात माती कालवत होता. शेजारचे दुकानदार म्हणायचे, “भाभी, काबरं ठेवं त्याले? खोली खाली करी ल्या.” मी म्हणायचे, “दिवाळी होऊ द्या, मग बघते.” दिवाळ्या आल्या नि गेल्या, पाटी तिथंच.

तो आर्किटेक्ट होता. बाजारात त्याला सगळे ‘आर्किटेक’ म्हणायचे, शेवटचा ट गिळून. मीही तेच म्हणायचे. समोर ‘तुम्ही’, माघारी ‘तो’, आणि आता आठवणीत तर तोच. रनाळ्याकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. शिकायला लांब गेला, मोठ्या शहरात काचेच्या बिल्डिंगा उभ्या केल्या, नाव कमावलं, आणि एक दिवस पेटी उचलून परत आला. लग्न केलंच नाही. का आलात परत, असं विचारलं की सांगायचा, “भाभी, एक दिवस आम्हनी बिल्डिंगनी लाइट गयी. एसी बंद. मी खिडकी उघडाले गऊ, तं खिडकी उघडेच ना! मीच तशी काढेल व्हती.” आणि स्वतःवरच खो खो हसायचा.

माझं म्हणाल तर आमचे मालक तापीकाठी केळी-कापूस बघतात आणि दुकान माझ्याकडे. आमची माणसं मूळची गुजरातकडची. घरात एक बोली, बाजारात अहिराणी, बँकेत शुद्ध मराठी. तोंडाची मी फटकळ, हे सगळ्यांना माहीत आहे. सिमेंटच्या धंद्यात गोड बोलणारीचं काम नाही.

या माणसाची पहिली खोड म्हणजे भिंतीला गाल लावणं. हात नाही, गाल. कुणाच्याही घरी गेला की चप्पल काढायच्या आधी भिंतीकडे जायचा, डोळे मिटायचा आणि डावा गाल भिंतीला टेकवून उभा राहायचा, आई लेकराचा ताप बघते तसा. मग निकाल द्यायचा. आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला आला तेव्हा मी ताट वाढून उभी, आणि हा भिंतीला चिकटलेला. डोळे उघडून म्हणाला, “भाभी, भिंतले ताप शे.” मी म्हटलं, “मग गोळी देऊ का तिला? बसा आधी, पोळी गार होतेय.”

एकदा आमच्या गल्लीत एक म्हातारबा वारले. आम्ही सगळे भेटायला गेलो. हाही आला, आणि सवयीप्रमाणे गेला भिंतीकडे. गाल टेकवून, डोळे मिटून बराच वेळ तसाच उभा. बायकांना वाटलं, केवढा जीव होता याचा म्हाताऱ्यावर! एकीनं तर पदराला डोळे पुसले. तेवढ्यात हा वळला आणि मोठ्या मुलाला विचारतो, “बाबा याच खोलीत झोपायचे ना उन्हाळ्यात? पश्चिमेची भिंत आहे. फार तापते हो ही.” मुलगा लालबुंद. मी याला दंडाला धरून बाहेर काढला. बाहेर आल्यावर म्हणतो, “मन्हं काई चुकनं का?” कपाळावर हात मारला मी. तरी खरं सांगते, पुढच्या उन्हाळ्यात त्या मुलानं त्या भिंतीबाहेर मांडव घालून वेल चढवला. या माणसाला त्यानं कधी सांगितलं नाही, मला सांगितलं.

खोटं त्याला बोलताच येत नव्हतं, निदान भिंतींच्या बाबतीत. एका बड्या ठेकेदारानं रस्त्यावर बंगला बांधला, समोरून सगळी काच. वास्तुशांतीला अख्खं गाव. ठेकेदारानं कौतुकानं याला विचारलं, “काय आर्किटेक, कसा झाला?” हा म्हणाला, “छान. पापड आतच वाळतील.” त्या दिवशी तो न जेवता परत आला. मी वर खिचडी पाठवली.

कामं मिळायची कुठून मग? पोटासाठी तो परवानगीचे नकाशे काढून द्यायचा. चार खोल्या, एक जिना, वर स्लॅब. ते काम चोख करायचा, पण तोंड एरंडेल प्यायल्यासारखं करून. जीव मात्र सगळा दुसरीकडे. वर त्याच्या खोलीत मातीचे नमुने असायचे, चुन्यात भिजवलेल्या बांबूच्या कांड्या असायच्या, आणि मडकी. छतात मडकी उलटी घालून मधे थोडंसंच काँक्रीट भरायचं, म्हणजे सिमेंट कमी लागतं आणि खोली गार राहते, असं त्याचं म्हणणं. एक व्यापारी बिचारा तयारसुद्धा झाला होता. नकाशा झाला, मडकी ठरली, आणि त्याची बायको आली भांडायला. “घरमा उलटं मडकं? मयतनं घर शे का हाई?”

हा समजवायला गेला. “ताई, मडकामा हवा ऱ्हास.”

ती म्हणाली, “मंग आत्मा बी ऱ्हास!”

संपलं. त्या मडक्यांत मग त्यानं तुळशी लावल्या आणि गल्लीत वाटल्या. माझ्या दारातली त्यातलीच.

कधीमधी शहरातल्या कॉलेजची पोरंपोरी त्याला शोधत यायची. पाठीवर पिशव्या, हातात ते उडणारं कॅमेऱ्याचं यंत्र. जिन्यात, पायरीवर, माझ्या पोत्यांवर बसून त्याचं ऐकायची. एका मुलीनं मोठ्या गंभीरपणे विचारलं, “सर, वास्तुकलेचं भविष्य काय?”

तो म्हणाला, “उन्हाळा.”

मुलगी लिहायला वाकली होती, ती तशीच राहिली. तो म्हणाला, “पुढे सगळं बदलेल, मशीन भिंत बांधेल, काय वाटेल ते करेल. पण उन्हाळा येणारच, आणि दर खेपेला मोठा येणार. जो घराला सावली देईल तो आर्किटेक्ट. बाकीचे...” आणि माझ्या दुकानाकडे बोट करून म्हणाला, “बाकीचं सगळं इथं विकत मिळतं.”

मी काय गप्प बसणार? म्हटलं, “पोरांनो, हेही लिहून घ्या. हे तुमचं भविष्य माझ्याच स्लॅबखाली भाड्यानं राहतं.” पोरं हसली. तोही हसला, पण थोडा ओशाळून.

तर असा हा माणूस. आणि त्याच्या मनासारखं म्हणावं असं त्याचं बांधकाम अख्ख्या जन्मात एकच झालं होतं. अक्कलकुव्याच्या वर, डोंगरात, जातरीबाईचं घर.

जातरीबाईचं जुनं कुडाचं घर पावसात बसलं होतं. नवरा आधीच गेलेला, मुलगा सुरतेला कामावर. हा त्या भागात बांबू बघत फिरत असताना ती भेटली. एका संस्थेनं सामानाचं बघितलं, यानं नकाशा काढला, आणि गावानं लाह केली. लाह म्हणजे तिकडची रीत. एकाच्या घरी काम निघालं की सगळं गाव हात लावतं आणि ज्याचं काम तो सगळ्यांना जेवू घालतो. जाड मातीच्या भिंती, मातीत चुना आणि अजून काय काय कालवून ठोकून बसवलेल्या, वर बांबूचं दुहेरी छप्पर, दोन छपरांच्या मधून वारा वाहणार. त्या घराचे फोटो परदेशी मासिकात छापून आले. बक्षीस मिळालं. पाहुणे यायला लागले. गाड्या भरून यायचे म्हणे, बुटासकट आत जायचे, चुलीचे फोटो काढायचे आणि भिंतीवर टकटक करून बघायचे.

“तिला त्रास नाही होत?” मी विचारलं होतं.

“कसाना त्रास? तिले बरं वाटस,” तो म्हणाला. त्याला खरंच तसं वाटत होतं.

मग एका उन्हाळ्यात तो डोंगरातून आला आणि वर न जाता दुकानाच्या पायरीवरच बसला. चेहरा उतरलेला. मी पाणी दिलं. ते हातातच धरून म्हणाला, “भाभी, मन्हं घर कच्चं निंघनं.”

मला वाटलं भिंत पडली. तसं नव्हतं. घरकुलाच्या पाहणीला माणूस आला होता, मोबाइलमध्ये माहिती भरत. भिंत कशाची? माती. छप्पर कशाचं? बांबू. झालं, मोबाइलनं सांगितलं, कच्चं घर. जातरीबाईचं नाव घरकुलात लागलं. बक्षीस मिळालेलं, साता समुद्रापार फोटो गेलेलं घर पाडून तिथं आता सरकारी मदतीनं पक्कं घर होणार होतं. डोंगरात सपाट जागा तेवढीच, बाजूला सगळी फॉरेस्टची. नवं घर हवं तर जुनं जाणार.

मला हसू फुटलं. अगदी पोट धरून हसले मी. आणि मग त्याच्याकडे बघितलं आणि हसू आवरलं.

“आता काय?” मी विचारलं.

तालुक्याचा घरकुलवाला साहेब भला माणूस होता. यानं फोन केला तेव्हा त्यानंच सांगितलं, “सर, ते घर मी मासिकात पाहिलंय. मोबाइलला काय कळतं? मी स्वतः पडताळणीला येतो. तुम्ही तिथं या. तुम्ही पक्कं म्हणालात तर पक्कं लावून टाकू.” भिंती किती भक्कम आहेत याचे प्रयोगशाळेतले कागदसुद्धा याच्याकडे होते. म्हणजे याच्या एका शब्दावर होतं सगळं. हा ‘पक्कं’ म्हणाला की घर वाचलं, आणि जातरीबाईचं घरकुल गेलं.

“आणि ती काय म्हणते?”

“तिले स्लॅब पाहिजे.” मग त्यानं सगळं सांगितलं. मुलाचं लग्न ठरत नव्हतं. मुलीकडचे येऊन मातीची भिंत बघून परत गेले होते. आणि मुलगा सुरतेला सेंटरिंगच्या कामावर. तो आईला म्हणाला होता, मी उंच उंच माळे बांधतो, लोकांच्या डोक्यावर स्लॅब टाकतो, आणि माझ्या घरी माती. जातरीबाईनं याला तेच सांगितलं, आणि वर विचारलं, “तू कुठं राहतो?”

“नंदुरबारला.”

“माटीच्या घरात?”

“नाही. स्लॅबच्या.”

“मग?” ती म्हणाली. तिकडची माणसं सगळ्यांना ‘तू’च म्हणतात, कलेक्टर आला तरी. त्यात राग नसतो.

पुढचे दिवस त्यानं वरच्या खोलीत कसे काढले ते मला छतातून ऐकू यायचं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या. जेवण पाठवावं तर ताट अर्धं परत. शेवटी मीच वर गेले. टेबलावर ते भिंतीचे कागद पसरलेले. मी म्हटलं, “आर्किटेक, घर पाहावं बांधून म्हणतात, खरं आहे. पण दुसऱ्याचं घर बांधून ते आपलं समजून बसणारा मी पहिलाच पाहिला. घर कुणाचं? तुमचं की तिचं?”

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “तिचंच. पण भाभी, मन्हाकडे दुसरं काहीच नही.”

एवढा मोठा माणूस, केस पिकलेला, आणि हे असं बोलला. मी ताट उचललं आणि खाली आले.

पडताळणीच्या दिवशी मी त्याच्याबरोबर गेले. दुकान नोकरांवर टाकलं. मालकांना सांगितलं, अक्कलकुव्याला उधारीचं काम आहे. खरं म्हणजे मला ते घर बघायचं होतं, आणि याला एकट्याला सोडवत नव्हतं. वैशाखाचं ऊन. जीप वर चढत होती तशी खिडकीतून आगीच्या झळा येत होत्या. डोंगर सगळा तांबडा, वाळलेला. उतरले तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि मी बाहेरच्या कुणाला न विचारता सरळ घरात शिरले.

काय सांगू! आत गेले आणि आई गं, असंच तोंडातून निघालं. गारवा. पंखा नाही, कूलर नाही, आणि अंगावरचा घाम निवतोय. बारीकसा वारा कुठून तरी छपराखालून फिरत होता. कुणी बघत नाही असं पाहून मी माझा गाल भिंतीला लावला. मडक्याच्या पोटासारखी थंड. सिमेंट विकून विकून केस पांढरे झाले माझे, पण अशी भिंत मी माझ्या घरात कधी अनुभवली नव्हती. मनात म्हटलं, देवा, हे घर पडायला नको.

बाहेर मोहाच्या सावलीत सगळे जमले होते. साहेब खुर्चीवर, गावातली माणसं उभी, जातरीबाई दाराशी. बुटकी, सडपातळ, नजर खाली न घालणारी बाई. तिचा मुलगा सुरतेहून मुद्दाम आला होता. नवा शर्ट घालून भिंतीपासून जरा लांबच उभा होता. साहेब हसत म्हणाला, “बोला सर. तुम्ही तज्ज्ञ. तुम्ही सांगाल ते लिहितो. कच्चं की पक्कं?”

याच्या काखेत ते कागद होते. मी बघत होते, त्याची बोटं कागदांवर घट्ट झाली होती. त्यानं घराकडे पाहिलं. मग जातरीबाईकडे पाहिलं. तिनं हात जोडले नाहीत. नुसती बघत राहिली. मुलानं मान खाली घातली.

“कच्चं,” तो म्हणाला.

साहेबाला वाटलं ऐकण्यात चूक झाली. “सर?”

“कच्चं आहे हो. मातीचं घर कच्चंच असतं. लिहा.” शुद्ध मराठीत, शाळेतल्या मास्तरासारखा खणखणीत बोलला. बोलला आणि पाणी प्यायला म्हणून घराच्या मागे निघून गेला. मी मागे गेले नाही. काही वेळा माणसाला एकटं राहू द्यावं लागतं.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये त्यानं एवढंच विचारलं, “आतमा गार व्हतं ना भाभी?” मी म्हटलं, “होतं हो. फार गार होतं.”

सुगी संपल्यावर एक दिवस तो दुकानात आला. वरून खाली असा नाही, रस्त्यावरून, गिऱ्हाइकासारखा. काउंटरसमोर उभा राहून म्हणाला, “सिमेंट द्या, भाभी.”

माझे हमाल काम टाकून बघायला आले. मी म्हटलं, “तुम्हले बरं शे ना?”

“जातरीबाईचं घर. नकाशा मीच काढला. तिनं सांगितलं, यात तुझं काही नको, सगळ्यांसारखं कर.” आणि मग हळूच म्हणाला, “सगळ्यांसारखं काढायला फार वेळ लागला हो.”

मी ताजा माल काढून दिला, मागच्या थप्पीतला नाही. बोलल्याशिवाय राहवेना म्हणून विचारलं, “आणि वरची पाटी? ती काढायची का आता?”

“ऱ्हाऊ द्या. ‘शक्यतो’ लिहेल शे ना मी,” तो म्हणाला. किती दिवसांनी त्याला हसताना पाहिलं.

जुनं घर उतरवायलाही लाह झाली, आणि हा त्यात गेला. मी म्हटलं होतं, कशाला जाता, काळीज आहे की दगड? ऐकलं नाही. परत आला तेव्हा हाताला फोड. सांगत होता, दिवस मावळायच्या आत सगळं आटपलं. बांबू कुंपणाला गेले, खांब गोठ्याला ठेवले. एक खिळा वाया गेला नाही. मातीचा ढीग तेवढा राहिला होता. स्लॅबचं घर पाडलं की किती ट्रक राडारोडा निघतो हे मला कोण सांगणार! दुपारी सगळ्यांबरोबर पंगतीत बसून तो जेवला, आणि जातरीबाईनं त्याला आग्रहानं वाढलं. “चांगली वागी ती,” एवढंच म्हणाला.

नवं घर उन्हाळ्यात तयार झालं. सगळ्यांसारखं. एकच गोष्ट त्यानं मागून घेतली होती, दार मोहाच्या सावलीकडे करायची, आणि तेवढं जातरीबाईनं ऐकलं. घरभरणीला मीही गेले. निळा रंग, वर स्लॅब, मुलाच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. लग्न ठरलं होतं त्याचं. घर तापलेलं होतं, विचारू नका. पण हा आत आला, आणि हात पाठीमागे बांधून खोलीच्या मध्यभागी उभा राहिला. भिंतीकडे गेलाच नाही.

जातरीबाईच्या ते बरोबर लक्षात आलं. “गाल नाय लावला?”

“दाढी वाढली आहे,” तो म्हणाला. “रंग खराब होईल.”

मग मुलाला हाक मारून तिनं याच्यासाठी खाट बाहेर सावलीत टाकायला लावली.

त्यानंतर तो शांत झाला. नकाशे काढायचा, पोरं आली तर बोलायचा, पण पूर्वीसारखं भांडण नाही. एकदा मी चिडवलं, काय आर्किटेक, हल्ली भिंतींना ताप येत नाही का? तर म्हणाला, “येस ना. पण सांगीसन काय करू?” मला ते अजिबात आवडलं नाही. भांडणारा माणूस गप्प झाला की घर सुनं वाटतं, मग तो माणूस भाडेकरू का असेना. मी मुद्दाम त्याच्यासमोर स्लॅबची तारीफ करून बघितली. तो हो हो म्हणाला. तेव्हा मात्र मला धास्तीच वाटली. वाटलं, या एका ‘कच्चं’पायी हा माणूस आतून मोडला की काय.

भादव्यातली गोष्ट. पावसानं उघडीप दिली होती, ऊन कडक. दुपारी दुकानासमोर रिक्षा थांबली आणि जातरीबाई उतरली. बरोबर सून, पोट नुकतं दिसायला लागलेलं. सरकारी दवाखान्यात दाखवायला आणलं होतं. जातरीबाईच्या डोक्यावर केवढं तरी गाठोडं. आल्या आल्या मला विचारलं, “तो कुठं?”

मी खालून हाक मारली. तो जिन्यातून उतरला, तिला बघून गडबडला, खुर्ची पुढे केली. ती बसली नाही. सुनेला बसवलं, आणि गाठोडं काउंटरवर ठेवून म्हणाली, “घरभरणीला तू दाढीचं खोटं बोलला. घर लय तापतं.”

“हो,” तो म्हणाला.

“मला माहीत होतं. पण घर चांगलं हाय. सून आली.”

“हो. चांगलं आहे.”

“हे घे. तुझं घर आणलं.”

त्याला कळेना. मलाही कळेना. तिनं गाठ सोडली. आत मक्याची कणसं, हिरव्या सालीतली, हाताच्या मनगटाएवढी जाड. ती म्हणाली, “ती माटी. भिंतीची. टोपल्यांनी नेली आम्ही, शेतात टाकली सगळी. अशी मका आमच्याकडे कधी नाय आली. लोक बघायला येतात.” आणि हसून म्हणाली, “बूट बाहेर काढून येतात आता. शेत हाय ना.”

त्यानं एक कणीस उचललं. साल सोलायला घेतली. मग तो रडायलाच लागला. भर दुकानात, हमालांसमोर, सळईच्या थप्पीला टेकून. मी तोंड फिरवलं, कारण माझेही डोळे भरले होते, आणि सिमेंटवालीनं रडलेलं बाजारात चालत नाही. जातरीबाईला त्यात काही विशेष वाटलं नाही. “रडतो काय,” ती म्हणाली. “भूज. खा.”

चहाची शेगडी होतीच. मी कोळसा घातला, मीठ-तिखट आणलं, लिंबू कापला. सुनेला पहिलं कणीस दिलं, मग आम्ही तिघं पायरीवर बसलो. तो एकेक दाणा सावकाश चावत होता, डोळे मिटून. थोड्या वेळानं त्यानं हातातलं कणीस जातरीबाईपुढे धरलं आणि अगदी खरंखुरं विचारलं, “जातरीबाई, हाऊ घरना कोनता कोपरा व्हई?”

जातरीबाईनं ते हातात घेतलं, उलटसुलट करून नीट बघितलं आणि त्याला परत दिलं.

“चुलीजवळचा,” ती म्हणाली. “खा.”